गरोदरपणातला बीपी आणि प्री-एक्लॅम्पसिया: तुम्हाला हे आधी कुणी सांगितलं होतं का?

निळी_छत्री (धागाकर्ती) | रविवार, रात्री ११:१२

काल कपाट आवरताना डोहाळजेवणाचे फोटो हाती लागले. फुलांचे दागिने, हिरवी साडी, हातात धनुष्यबाण. त्या दिवशी ओटी भरायला आलेली प्रत्येक बाई म्हणत होती, "काय तेज आलंय गं चेहऱ्यावर!" आता तेच फोटो बघते तर ते तेज नाही, सूज आहे. गालांवर, डोळ्यांखाली, हनुवटीशी. हिरव्या बांगड्या सोमवारी भरल्या होत्या, पुढच्या रविवारी त्या मनगटावर फिरेनात. अंगठी साबण लावून काढली तर बोटावर जांभळा वळ राहिला. सगळे म्हणाले, पहिलटकरीण आहे, व्हायचंच.

तेव्हा मला ३२ आठवडे झाले होते. कोथरूडहून हिंजवडीला रोज ये-जा, त्यामुळे डोकं दुखलं की लॅपटॉप आणि ट्रॅफिकच्या नावावर टाकायचं. उजव्या बरगडीखाली दुखायचं, ते अॅसिडिटीच्या नावावर. पाय सुजले ते उन्हाळ्याच्या नावावर. एका गुरुवारी रात्री टीव्हीवरची अक्षरं दिसेनात, पडद्याभोवती काहीतरी चमचमायला लागलं, तेव्हा नवऱ्याने उचलून दवाखान्यात नेलं. बीपी १६४/११२. लघवीत प्रथिनं ३+. तिथल्या ड्यूटीवरच्या मुलीने विचारलं, "प्री-एक्लॅम्पसियाचं कधी कुणी बोललं होतं का?" मी तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं तेव्हा अंगातून गरम वाफ गेल्यासारखं झालं, ते अजून आठवतं. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली आणि दोन दिवसांनी लेक झाली. १ किलो ५८० ग्रॅम. एकवीस दिवस काचेच्या पेटीत. आता आठ महिन्यांची आहे, घरभर रांगते, सगळं छान आहे.

पण परवा फाईल उघडली. पहिल्या तीन महिन्यांत माझा बीपी १०८/७०. अठ्ठाविसाव्या आठवड्यात १२८/८२. एकतिसाव्यात १३८/८८. प्रत्येक वेळी सिस्टरने मोजला, लिहिला, फाईल मिटली. आकडे माझेच होते आणि मलाच माहीत नव्हते. मी विचारले नाहीत, त्यांनी सांगितले नाहीत.

म्हणून विचारते. तुम्हाला हा शब्द पहिल्यांदा कधी, कुणाकडून कळला? आणि हे सांगायचं काम कुणाचं?

---

पर्वतीची_पायरी | रविवार, रात्री ११:३४

मला कळलाच नव्हता. दोन बाळंतपणं झाली. गर्भसंस्काराच्या वर्गाला तीन महिने गेले, श्लोक पाठ झाले, श्वासाचे व्यायाम पाठ झाले. बीपीचा ब नाही.

---

सदाशिवपेठी | रविवार, रात्री ११:५०

धाग्यामागची कळकळ समजली, पण थोडं वेगळं मत मांडतो. बायकोच्या वेळी आम्ही नको इतकं वाचलं. घरी बीपीचं मशीन आणलं. ती दिवसातून दहा-दहा वेळा मोजायची, आकडा वर गेला की घाबरायची, घाबरली की आकडा आणखी वर. शेवटी डॉक्टरांनी मशीन माझ्या ऑफिसच्या बॅगेत ठेवायला सांगितलं. गरोदर बाईला किती भीती घालायची यालाही मर्यादा हवी.

---

निळी_छत्री | सोमवार, सकाळी ७:०५

सदाशिवपेठी, वहिनींचा त्रास खरा आहे. पण मला कुणी घाबरवलं असतं तर मी तीन आठवडे आधी दवाखान्यात गेले असते. भीती वाटायला हवी तेव्हा मी लोणचं खात बसले होते.

---

डॉ_प्रसूती | सोमवार, दुपारी २:२०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पुण्यातच काम करते. ओपीडी संपवून लिहितेय, लांबलं तर समजून घ्या.

आधी आजार काय आहे ते. गर्भ रुजतो तेव्हा वारेच्या (प्लासेंटाच्या) पेशी गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये शिरतात आणि त्या रुंद करतात. पाटाचं पाणी वाढवायला चर खोल करावा तसं. काही जणींमध्ये हे काम अर्धवट राहतं. वारेला रक्त कमी पडतं आणि ती आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की आईच्या सगळ्या रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं. म्हणून बीपी चढतो, मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात, यकृताला सूज येते (उजव्या बरगडीखालचं ते दुखणं, जे निळी_छत्री यांनी अॅसिडिटी समजून सोडलं), आणि मेंदूपर्यंत गेलं तर झटके. झटके आले की त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात. बीज पहिल्या काही महिन्यांत पडतं, दिसतं मात्र २० आठवड्यांनंतर, बहुतेक वेळा शेवटच्या तिमाहीत. जगभरात साधारण १०० गरोदर स्त्रियांमागे २ ते ८ जणींना हे होतं.

१४०/९० किंवा त्यावर, चार तासांच्या अंतराने दोनदा भरला तर तो वाढलेला बीपी. १६०/११० म्हणजे थांबायचंच नाही. आणि लघवीत प्रथिनं नसली तरी प्री-एक्लॅम्पसिया असू शकतो, जर प्लेटलेट घसरल्या असतील, यकृताच्या तपासण्या बिघडल्या असतील किंवा डोकं-डोळ्यांची लक्षणं असतील. हा बदल अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये व्याख्येत केला. अजूनही पुष्कळ जण "लघवी नॉर्मल आहे ना, मग काही नाही" म्हणतात.

सूज म्हणाल तर पायाची सूज बहुतेक गरोदर बायकांना येते आणि बहुतेकींना काही होत नाही. चेहरा आणि हात अचानक सुजणं, आठवड्यात वजन भरकन वाढणं, ही वेगळी गोष्ट. सूज अजिबात नसतानाही हा आजार होतो. त्यामुळे सुजेवर भिस्त ठेवू नका, आकड्यावर ठेवा.

निळी_छत्री, १०८ वरून १३८ ही चढण मी पाहिली असती तर तुम्हाला आठवड्यात दोनदा बोलावलं असतं. १४० ची रेघ ओलांडली नव्हती, म्हणून निदान होत नव्हतं हे खरं. पण रेघेकडे कोण धावत येतंय हे फाईलमध्ये दिसत होतं. आम्ही एका ओपीडीत पन्नास-साठ पेशंट बघतो, हे कारण आहे. ते पुरेसं कारण नाही, हेही मला माहीत आहे.

---

जुन्नरची_आजी | सोमवार, दुपारी ४:४५

मी अडुसष्ट वर्षांची आहे, नातवाने टंकून दिलंय. आमच्या वेळी याला टॉक्सेमिया म्हणत, पण ते दवाखान्यात. गावात काही नाव नव्हतं.

१९७४ साल. जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटात आमचं घर. माझ्या थोरल्या जाऊबाई आठव्या महिन्यात होत्या. मी नवी नवरी, अठराची. ज्येष्ठातली संध्याकाळ. त्या भाकरी थापत होत्या. मध्येच थांबल्या, पिठाचा हात तसाच डोळ्यांवरून फिरवला, काहीतरी म्हणाल्या. कुणी लक्ष दिलं नाही. मग तव्याकडेच कलंडल्या आणि अंग आखडलं. दातखीळ बसली म्हणून कुणी धनुर्वात म्हणालं, कुणी बाहेरचं म्हणालं. अंगाऱ्याला माणूस धाडला, तो येईपर्यंत दोनदा पुन्हा तसंच झालं. बैलगाडीतून खाली जुन्नरला नेताना वाटेतच गेल्या. बाळही गेलं.

माझ्या सुनेच्या वेळी मी दर खेपेला सोबत जायची आणि बीपी किती ते विचारायची. सिस्टर म्हणायच्या, आजी तुम्हाला काय कळतं. मी म्हणायची, कळत नाही म्हणूनच सांगा.

---

सिंहगडरोड | सोमवार, दुपारी ५:०२

आजी, नमस्कार तुम्हाला. शेवटचं वाक्य माझ्या बायकोला वाचून दाखवलं.

---

वाकडवासी | सोमवार, रात्री ९:१५

मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय. माहेरचं बाळंतपण.

माझं माहेर उदगीरकडे. सातवा संपता संपता आई न्यायला आली, आपल्याकडे रीतच आहे. रेल्वेने गेलो, सोबत दोन बॅगा, खाऊ, साड्या, पाळण्याची दोरीसुद्धा. आणि फाईल वाकडच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीखालच्या खणात. तिकडच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, आधीचा बीपी किती असायचा? मला सांगता येईना. त्यांनी मोजला तो १३६/८६. हा माझा नेहमीचा की वाढलेला, त्यांना ठरवता येईना. नवऱ्याला फोन केला तर तो ऑफिसात. फोटो संध्याकाळी आले. आधी ११०/७२ असायचा, म्हणजे वाढलेलाच होता. त्यांनी तिसऱ्या दिवशी परत बोलावलं, तोवर १५०/१००. वेळेत सापडलं, गोळ्या सुरू झाल्या, सदतिसाव्या आठवड्यात मुलगा झाला.

नेमका ज्या आठवड्यांत हा आजार डोकं वर काढतो, त्याच आठवड्यांत आपण डॉक्टर बदलतो, गाव बदलतो. माहेरी जाणाऱ्या प्रत्येकीने फाईलचं पानन् पान मोबाईलमध्ये घेऊन जावं. पाळण्याची दोरी तिकडेही मिळते.

---

आरोग्यसेविका_मुळशी | सोमवार, रात्री १०:३०

मी उपकेंद्रात काम करते. सरकारी कार्डवर, म्हणजे माता व बाल संरक्षण कार्डवर, प्रत्येक तपासणीचा बीपी, वजन, लघवीची नोंद असते आणि ते कार्ड बाईच्याच हातात असतं. खासगीतल्या बायकांनीही ते काढून घ्यावं. माहेरी नेलं तरी तिथल्या सिस्टरला वाचता येतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, २०१६ पासून. आमच्याकडे त्या दिवशी डोंगरवाडीतूनही बाया येतात, मोटारसायकलवर तिघं-तिघं.

मी हा आजार कसा सांगते ते लिहिते. प्री-एक्लॅम्पसिया म्हटलं की बाई हसते आणि विसरते. मी म्हणते, "पोटातल्या बाळाच्या वारेला रक्त पुरेना की तुझा बीपी चढतो. डोकं थांबेना, छातीच्या खळगीत दुखलं, डोळ्याला वेगळं दिसलं, तर रात्र असो की पहाट, १०८ ला फोन लावायचा." आणि तिच्याच तोंडून परत वदवून घेते. एकदा एकीची सासू म्हणाली, अहो पाठ झालं मला पण! मी म्हटलं, तुम्हालाच पाठ व्हायला हवं, रात्री ती तुमच्याच शेजारी झोपते.

---

बाळबोध | सोमवार, रात्री ११:०१

अवांतर: याला चांगला मराठी शब्द नाही का? एका कोशात "गर्भाक्षेपपूर्व अवस्था" असं काहीसं वाचलं होतं.

---

पर्वतीची_पायरी | सोमवार, रात्री ११:०४

हा शब्द मोठ्याने म्हटला तर नॉर्मल बाईचाही बीपी वाढेल हो बाळबोध.

---

डॉ_प्रसूती | मंगळवार, सकाळी ८:१०

अवांतरात भर: एक्लॅम्पसिया हा मूळ ग्रीक शब्द, अचानक चमकून उठणं या अर्थाचा. विजेसारखा. जुन्या वैद्यांनी नाव तरी नेमकं ठेवलं.

सदाशिवपेठींच्या मशीनबद्दल. घरी मोजायला माझी ना नाही, पण रीत हवी. दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो. चहा घेऊन अर्धा तास होऊ द्या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडी न घालता पाच मिनिटं गप्प बसा, हात हृदयाच्या पातळीला टेकवा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, वहीत लिहा. त्यापलीकडे नाही. आपल्या दवाखान्यातल्या मशीनशी एकदा ताडून बघा.

---

कांचनमृग | मंगळवार, सकाळी ११:४०

आमच्याकडे बीपी वाढल्यावर सासूबाईंनी जेवणातलं मीठ बंद केलं. बिनमिठाची आमटी, बिनमिठाची भाजी, सोबत धण्याचं पाणी. मला घास उतरेना, वजन उतरलं. त्यांनी मायेनेच केलं, रोज पहाटे उठून वेगळं रांधायच्या. पण उपयोग असतो का डॉक्टर?

---

डॉ_प्रसूती | मंगळवार, दुपारी १:३०

मीठ तोडल्याने प्री-एक्लॅम्पसिया टळत नाही आणि बराही होत नाही. नेहमीचं जेवण जेवा. पापड-लोणच्याचा अतिरेक नको, इतकंच.

उपयोग कशाचा होतो ते सांगते. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी पडतं त्यांनी ते गोळ्यांनी भरून काढलं तर धोका कमी होतो. आपल्याकडे सरकारी धोरणानुसार चौदाव्या आठवड्यापासून दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या देतात. लोहाच्या गोळीबरोबर एकत्र घेऊ नका. आणि धोका जास्त असलेल्यांसाठी कमी मात्रेची अॅस्पिरिन. आधीच्या खेपेला हा त्रास झालेला, जुळी, आधीपासून बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार). त्याखालोखाल पहिलं बाळंतपण, पस्तिशीपुढचं वय, जास्त वजन, आईला किंवा बहिणीला झालेलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अॅस्प्री या चाचणीत जास्त धोक्याच्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिली, तेव्हा सदतिसाव्या आठवड्याआधीच बाळंतपण करावं लागावं असा प्री-एक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. म्हणजे ही गोष्ट तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ठरवायची आहे. सातव्यात विचारलंत तर गाडी निघून गेलेली असते.

मनाने सुरू करू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा, "माझा धोका किती, मला अॅस्पिरिन लागेल का?"

---

निळी_छत्री | मंगळवार, दुपारी १:५५

माझ्या आईला माझ्या वेळी बीपी होता. मला कुणी विचारलं नाही आणि आईलाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही. तिच्या लेखी ते "तेव्हाचं" होतं.

---

तांबडी_जास्वंद | मंगळवार, दुपारी ३:२०

मी सहसा फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं.

बाळंतपण सरळ झालं, बीपी शेवटपर्यंत उत्तम. चौथ्या दिवशी घरी आले. बाळंतिणीची खोली, खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी, कानाला रुमाल. सहाव्या दिवशी डोकं इतकं ठणकायला लागलं की बाळाचं रडणं सहन होईना. आई म्हणाली रुमाल सुटला, वारा शिरला. आत्या म्हणाली झोप नाही. मावशी म्हणाली दूध साचलंय. मला वाटलं पाठीतल्या इंजेक्शनमुळे असेल. प्रत्येकीकडे एक कारण होतं, बीपीचं मशीन कुणाकडे नव्हतं. रात्री भाऊ औषध आणायला गेला होता, त्या दुकानदाराने विचारलं, "बाळंतीण आहे का? आधी बीपी बघा." १७२/११०.

बाळ झाल्यावर हे होऊ शकतं हे आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्या दुकानदाराला मी दर दिवाळीला फराळ पाठवते.

---

डॉ_प्रसूती | मंगळवार, दुपारी ३:४८

जास्वंद, लिहिलंत ते फार बरं केलंत. बाळंतपणानंतर बीपी साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातो, आणि आपण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी पाठवतो. सहा आठवड्यांपर्यंत हा धोका असतो. पाठीतल्या इंजेक्शनचं दुखणं बसल्यावर वाढतं, आडवं झाल्यावर कमी होतं. पण त्यावरून घरी अंदाज बांधत बसू नका, आधी बीपी मोजा.

---

धावपटू_तळजाई | मंगळवार, सायंकाळी ७:३०

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या बायकांनी ४ बाय १०० रिले जिंकली. त्या चौघींतल्या अॅलिसन फेलिक्सला २०१८ मध्ये याच आजाराने बत्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं. दुसरी टोरी बोवी, १०० मीटरची जगज्जेती, २०२३ मध्ये आठव्या महिन्यात घरात एकटी असताना गेली. शवविच्छेदन अहवालात एक्लॅम्पसियाची शक्यता नोंदली होती. "मी रोज टेकडी चढते, मला काय होणार" असं माझी बहीण म्हणत होती, तिला मी ही दोन नावं सांगितली.

---

सिंहगडरोड | मंगळवार, रात्री ९:१०

नवऱ्यांसाठी लिहितो. आमच्या वेळी रात्री अकराला बीपी चढला. जिथे नाव घातलं होतं तिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभागच नव्हता, हे तिथे गेल्यावर कळलं. तिथून दुसरीकडे, तिथे खाट नाही, मग तिसरीकडे. पावणेदोन तास. रस्त्याचं काम चालू होतं, ती गाडीत डोळे मिटून माझं मनगट धरून बसली होती. मुलगी वाचली, दोघी बऱ्या आहेत.

सातव्या महिन्याच्या आत तीन गोष्टी विचारून ठेवा: बाळ लवकर आलं तर इथेच ठेवाल की हलवाल, हलवाल तर कुठे, आणि रात्री डॉक्टर प्रत्यक्ष असतात की फोनवर. आम्ही सुईटरूमला एसी आहे का ते विचारलं होतं.

---

मुक्काम_पोस्ट_औंध | मंगळवार, रात्री ११:४८

आमचं २६ व्या आठवड्यात गेलं. साडेसहाशे ग्रॅम. माझ्या प्लेटलेट कोसळत होत्या, थांबता येत नव्हतं. तीन वर्षं झाली. याहून जास्त आज नाही लिहू शकत. धागा काढलात, बरं केलंत.

---

जुन्नरची_आजी | बुधवार, सकाळी ६:२०

औंधच्या लेकी, तुझ्याजवळ बसले आहे असं समज.

---

कांचनमृग | बुधवार, सकाळी १०:००

आणखी एक. माझं बाळंतपण होऊन अकरा वर्षं झाली. परवा बीपी तपासायला गेले तर फिजिशियनने पहिला प्रश्न विचारला, गरोदरपणात बीपी होता का? म्हणाले, ज्यांना प्री-एक्लॅम्पसिया होतो त्यांना पुढे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो, दरवर्षी तपासत राहा. बाळंतपणाची फाईल मी रद्दीत घातली होती.

---

सदाशिवपेठी | बुधवार, दुपारी १२:३०

सगळे प्रतिसाद वाचले. वाकडवासी आणि जास्वंद यांचे दोनदा. माझं म्हणणं बदललं. आम्हाला माहितीने नाही, अर्धवट माहितीने घाबरवलं होतं. आकडा माहीत होता, पण कुठल्या आकड्याला काय करायचं ते नाही.

मूळ प्रश्नाकडे येतो, सांगायचं कुणी? मला वाटतं डोहाळजेवणाला. सगळ्या बायका एकत्र असतात, सासर-माहेर दोन्हीकडच्या. ओटी भरायच्या आधी पाच मिनिटं.

---

पर्वतीची_पायरी | बुधवार, दुपारी १२:५२

आमच्याकडे चालणार नाही. त्या दिवशी झटके, सिझेरियन असलं काही तोंडातून काढलं तर थोरल्या काकू अपशकुन म्हणून उठून जातील.

---

जुन्नरची_आजी | बुधवार, दुपारी ३:१५

काकूंना माझा फोन लावून द्या. ओटीत नारळ घालायचा तो मूल सुखरूप यावं म्हणूनच ना?

---

आरोग्यसेविका_मुळशी | बुधवार, रात्री ८:४०

सगळ्यांची मदत हवी आहे. उपकेंद्राच्या बाहेरची भिंत रंगवायची आहे, सरपंचांनी रंग दिला आहे. मी मजकूर लिहिला आहे, बघा:

"गरोदर बाई आणि बाळंतीण: डोकं थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी, छातीच्या खळगीत दुखणं, तोंड-हात अचानक सुजणं, बाळाची हालचाल कमी. लगेच दवाखाना. १०८. प्रत्येक तपासणीला विचारा: माझा बीपी किती?"

---

निळी_छत्री | बुधवार, रात्री ९:०५

"लगेच" च्या जागी "त्याच वेळी, रात्र असली तरी" लिहाल का? मी दोन रात्री "सकाळी बघू" म्हणून काढल्या होत्या.

---

तांबडी_जास्वंद | बुधवार, रात्री ९:११

"बाळंतीण" पुढे "सहा आठवड्यांपर्यंत" घाला.

---

डॉ_प्रसूती | बुधवार, रात्री १०:०२

दोन्ही बदल योग्य. "अंधारी" बदला. मीही आजवर पेशंटना "अंधारी येते का" असंच विचारत आले आणि त्या "नाही" म्हणत आल्या. अंधारी येते ती बीपी उतरल्यावर, उठताना. यात उलट काहीतरी चमकतं, ठिपके दिसतात, धूसर होतं. निळी_छत्री यांनी पहिल्याच प्रतिसादात "चमचमायला लागलं" असं लिहिलंय.

---

आरोग्यसेविका_मुळशी | बुधवार, रात्री १०:१५

मग काय लिहू? "डोळ्यांपुढे चमकणं"? की "काजवे"? आमच्याकडच्या बाया डोक्याला मार बसला की काजवे चमकले म्हणतात.

---

जुन्नरची_आजी | गुरुवार, सकाळी ६:०५

काजवे लिहा.

रात्रभर आठवत होते. जाऊबाई पिठाचा हात डोळ्यांवरून फिरवून काय म्हणाल्या ते पहाटे आठवलं. त्या म्हणाल्या होत्या, "आत्याबाई, घरात काजवे शिरलेत का?" ज्येष्ठाचे दिवस, आमच्याकडे तेव्हा झाडं काजव्यांनी भरलेली असतात. एखाददुसरा घरातही यायचा. सासूबाई चुलीकडे बघतच "असतील" म्हणाल्या.